उष्ट्या ताटाची मानकरीण

मनकर्णेच्या उखळाची गोष्ट चिचटोल्यात अजून सांगतात. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या उखळात एवढं धान कांडलं, की उखळ दर साली बोटभर जमिनीत उतरत गेलं. शेवटी मुसळाचा आवाज म्हणे पल्याडच्या गावच्या विहिरीतून यायला लागला आणि तिथल्या बायका घागरी टाकून पळाल्या. ज्याला खोटं वाटेल त्यानं मूल गावच्या बाजारापासून जंगलाच्या वाटेनं दोन कोस चालावं आणि उखळ बघून यावं. वीतभर तरी खोल गेलेलं आहे. ते कुणाच्या हातानं गेलं, एवढं मात्र गावात कुणी कधी विचारलं नव्हतं.

एका दिवसाचं सांगतो, त्यातही काही वेगळं नव्हतं. तांबडं फुटायच्या आधी ती उठली. गोठ्यातलं शेण काढलं, अंगणात सडा घातला, विहिरीच्या खेपा केल्या. धाकटं लेकरू मांडीवर पाजत जात्यावर लाखोळीची डाळ भरडली. थोरलीची वेणी घातली, मधल्याच्या पायातला काटा काढला, सासूला अंघोळीचं पाणी तापवून दिलं. लाकडं ओली होती, त्यामुळं चुलीपेक्षा तिचे डोळेच जास्त पेटले. सपरी, म्हणजे पुढची ओसरी, सारवून हात धुते न धुते तोच कोंबड्यांनी ती उकरली, म्हणून पुन्हा सारवली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा गुणवंतराव, म्हणजे तिचा नवरा, धानाच्या बांधीवरून आला, ओल्या सपरीवर चिखलाचे पाय देत आत शिरला आणि माठाला हात लावून म्हणाला,

"पाणी कोमट हाये व! घरीच तं असते दिवसभर. माठ तरी सावलीत सरकवत जाय."

गुणवंतराव काही वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, शेवटी त्याला वाघ खातो आणि ऐकणारे घरी जातात. हा माणूस दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, भजनात झांज बरी वाजवायचा. फक्त घर आपोआप चालतं, असा त्याचा ठाम समज होता. पाऊस वरून पडतो, बोडीत पाणी साचतं, तसा भात ताटात येतो.

त्याला बायका दोन होत्या. दुसरी वच्छला, दोन सालांपूर्वी पाट लावून आणलेली. मनकर्णेला मूल होत नव्हतं असं नाही, तीन होती. ती आजारी नव्हती, भांडखोरही नव्हती, निदान तेव्हा नव्हती. झालं असं, की गुणवंतरावानं बोडीखालच्या दोन बांध्या नव्यानं काढल्या. रोवण्याला, धानाची रोपं लावायला, हात कमी पडायला लागले. मजूर बाई संध्याकाळी मजुरी मागते, बायको मागत नाही. हा शोध काही गुणवंतरावानं एकट्यानं लावला नव्हता. चांदा जिल्ह्याच्या त्या धानपट्टीत ज्याच्या बांध्या वाढायच्या त्याच्या घरात बायका वाढायच्या, आणि लोक त्याला भाग्यवान म्हणायचे. बैलजोडी घ्यावी तशी वच्छला आली. फरक एवढाच, की बैल घेताना त्याचे दात बघतात आणि तो दमेल का याचाही विचार करतात.

आता या घरातल्या रीतीकडे येऊ, कारण सगळी आग तिथंच लागली.

नवरा जेवून उठला की त्याच्या काशाच्या ताटात बायकोनं जेवायचं, अशी ती रीत. ताट धुवायचं नाही. त्यात उरलेला भात, वरणाचा वाळत आलेला थर, चोखून टाकलेली शेवग्याची शेंग, त्यावरच आपला भात घ्यायचा. तो मान होता. ज्या बाईच्या पुढ्यात ते ताट, ती घराची मालकीण. पण ताट एक आणि बायका दोन झाल्या, तेव्हा गुणवंतरावाच्या आईनं, रुखमाबाईनं, एका वाक्यात निवाडा केला.

"जिनं दिवसभरात जास्त काम केलं तिनं ताटात जेवावं. दुसरीनं पळसाच्या पानावर."

रुखमाबाईची स्वतःचीही एक सवत होती, ती कधीचीच मेली. म्हातारीनं असलं ताट जिंकत जिंकतच म्हातारपण गाठलं होतं. त्यामुळं यात काही वावगं आहे असं तिला वाटायचं कारण नव्हतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला सपरीत कोर्ट भरायचं. चांद्याच्या कचेरीत एवढे मुकदमे चालले नसतील. रुखमाबाई पानाचा डबा मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायची, आणि दोघी सुना आपापली बाजू मांडायच्या.

"आत्याबाई, आज म्या बोडीखालची अख्खी बांधी रोवली," वच्छला म्हणायची. "कंबर पाहा, सरळ होऊन नाई राह्यली."

"अन मी काय निजून होती?" मनकर्णा उसळायची. "धान कांडलं, पोट्टे धुतले, गाय दोहली, सपरी दोनदा सारवली."

"सारवणं काय काम होय, बाई? ते तं नुसतं हात फिरवणं हाये."

"मंग तुहं रोवणं काय? नुसतं वाकणं!"

रुखमाबाई पान चघळायची, विचार केल्यासारखं करायची आणि सांगायची, "सारवलेलं उद्या उखडते. रोवलेलं वर येते. ताट वच्छलीचं."

असं बहुधा रोजच व्हायचं. घरातलं काम दिसत नाही, हा त्याचा पहिला गुन्हा. केलं तर दिसत नाही आणि नाही केलं तर लगेच दिसतं. मनकर्णा पळसाच्या पानावर खाली मान घालून जेवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून वच्छलेचा घास मोजायची. त्या नजरेवर कच्ची लाखोळी शिजली असती.

तिला वच्छलेचं काय काय खुपायचं! ती सकाळी बायकांच्या घोळक्यात हसत बाहेर पडते हे खुपायचं. रोवण्यात गाणी म्हणतात, कुणाच्या सुनेनं काय केलं ते सगळं तिला आधी कळतं. पोटऱ्यांना चिखल लावून ती घरी येते, पदरात बांधीतले खेकडे आणते, आणि आपलीच लेकरं 'छोटी माय, छोटी माय' करत त्या खेकड्यांमागं धावतात. आपण त्यांना नऊ महिने पोटात ठेवलं, हिनं खेकडा दाखवला की झालं!

आणि वच्छला? ती बांधीत वाकलेली असताना दूर घराच्या छपरावरल्या कवेलूंमधून धूर निघताना बघायची. बसली असेल मोठी बाई सावलीत, तिच्या मनात यायचं, चुलीपाशी ऊब घेत, तांदळाच्या मडक्यात हात, पोट्टे अंगाला लगटलेले. मधूनच घासभर तोंडात टाकत असेल, कोण बघते? घर तिचं, लेकरं तिची. माझं काय, तर चिखल.

अशी दोघींच्या डोळ्यांत एकमेकींच्या सुखाची चित्रं होती. त्या चित्रातलं सुख घरात कुणालाच कधी सापडलं नाही, पण दोघी एकमेकींकडून ते हिसकावून घ्यायला टपलेल्या. मनकर्णा वच्छलेच्या शिदोरीत मिरची जास्त घालायची. वच्छला नुकत्या सारवलेल्या सपरीवरून मुद्दाम आडवी चालायची. एकदा चिडून वाटलेल्या ठेच्याचा खकाणा असा उठला, की वेशीवरचा मारोती शिंकला आणि त्याच्या अंगावरचा शेंदूर गळून पडला. पुजाऱ्यानं तो पुन्हा लावला, म्हणून आता पुरावा राहिला नाही.

रुखमाबाई हे सगळं समाधानानं बघायची. दोघींमध्ये आग असली की घरात काम जोरात होतं, हे तिला ठाऊक होतं. गुणवंतरावाला तर वाटायचं, बायका आपल्यासाठीच भांडतात. तो मिशीवरून हात फिरवायचा.

सन छप्पनचा रोवणा आला तेव्हा वच्छलेला दिवस गेलेले होते. ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हातारीनं तिला घरात बसवलं असतं. आणि घरातलं काम म्हणजे काम नव्हे, हे तर तिनंच रोज ओरडून ओरडून सिद्ध केलं होतं! घरात बसली की ताट गेलं. म्हणून पोटाला पदर गच्च आवळून ती पऱ्ह्यांचे, धानाच्या रोपांचे, भारे डोक्यावर घेऊन धुऱ्याच्या चिंचोळ्या बांधावरून चालत राहिली. एका दुपारी धुरा निसरडा होता. भारा एकीकडे गेला, ती दुसरीकडे.

बैलगाडीत घालून तिला घरी आणलं. सोबतच्या बायकांनी मनकर्णेला बाजूला घेऊन सांगितलं, "पोट होतं तिले. गेलं."

ऐकताना मनकर्णेच्या मनात सगळ्यात आधी काय आलं, ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण इथं मीठमसाला लावायची सोय नाही. तिच्या मनात आलं: आज ताट माझं.

आणि त्या संध्याकाळी ती ताटात जेवली. रुखमाबाईनं ताट तिच्याकडे सरकवलं. मनकर्णेनं एक शीतही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा वच्छलेचं लुगडं विहिरीवर धूत असताना पाणी बराच वेळ तांबडं जात राहिलं. आपण ताट जिंकलं ते हे, असं तिच्या मनात आलं, तसं तिनं लुगडं दगडावर आणखी जोरानं आपटलं. विचार गेला नाही. लुगडं फाटलं.

वच्छला आतल्या खोलीत खाटेवर पडून होती. मनकर्णा तिला तांदळाची पेज नेऊन द्यायची, पण वाटी ठेवताना टोमणा सुटायचाच.

"बरं हाये बाप्पा. निजल्या जागी आयतं."

"तुम्ही निजा इथी, बाई," वच्छला म्हणायची. "मी उठतो."

पण तिला उठवत नव्हतं. खाटेवरून चूल दिसायची, अंगणाचा तुकडा दिसायचा, आणि त्या दोहोंमध्ये सारखी येणारी-जाणारी मनकर्णा दिसायची. सकाळी जाताना दिसली, दुपारी दिसली, दिवे लागले तरी तीच. लेकराला पाजताना एका हातानं सूप पाखडतेय. लेकरू झोपलं तर शेण थापतेय. भाकरी नाही, भात नाही, काही तोंडात टाकत नव्हती. दोन दिवस वच्छलेला वाटलं, ही आपल्याला दाखवायला करते. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं,

"बाई, तुम्ही बसत नाई का कधी?"

"बसतो न," मनकर्णा म्हणाली. "मेल्यावर."

यावरून दोघींची गट्टी जमली असं कुणी समजू नये. वच्छलेच्या डोळ्यांतलं ते सावलीत बसल्याचं चित्र पुसलं गेलं, पण हेवा जागचा हलला नाही. आता तिला वाटायला लागलं, एवढं करूनही हिच्याकडे तीन लेकरं आहेत, माझी ओटी रिकामी. आणि मनकर्णेला वाटायचं, हिच्या दुखण्याला दुखणं म्हणतात, मला बाळंतपणातही कुणी पेज दिली नव्हती.

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्याचं राज्य बदललं. काल मध्य प्रदेशात होतो, आज मुंबई राज्यात आलो असं मूलचे व्यापारी सांगायला लागले. चिचटोल्यातल्या त्या घरात मात्र राज्य रुखमाबाईचंच होतं. तिच्या राज्यात एक नवी अडचण उभी राहिली होती: धान पिकून पिवळं झालं, आणि वच्छला अजून वाकली की चक्कर येऊन बसायची.

एका दुपारी झिंगू आला. हा झिंगू सोयरिकी जमवत गावोगाव हिंडायचा. सपरीत बसून त्यानं चहा मागितला, बशीत ओतला आणि फुंकर मारत म्हणाला,

"पळसबोडीच्या पत्रूची पोरगी हाये, कमळा. हाताले जोर हाये पोट्टीच्या. एकटी बैलबंडी हाकते."

"पाहा बा," गुणवंतराव म्हणाला. "एक पोट्टे सांभाळते, एक पडली. कापणीले हात तं पाहिजेत."

"पण थो ग्रामसेवक सांगत होता," झिंगू जरा कचरला, "कायदा झाला म्हणे. एक असताना दुसरी आणता येत नाई."

"मी कुठी दुसरी आणून राह्यलो? तिसरी आणतो!" गुणवंतराव स्वतःच्या विनोदावर खळखळून हसला. "कायदा दिल्लीत, कापणी चिचटोल्यात. तुळशीचं लगीन झालं की उरकून टाकू."

भिंतीपलीकडे दोघी जणी डाळ निवडत होत्या. हसणं ऐकू आलं, बोलणंही आलं. दोघींचे हात थांबले. मग मनकर्णा म्हणाली,

"माहं ताट तिले काऊन देऊ मी?"

"तुमचं?" वच्छला म्हणाली. "रोवण्याआधी माहं होतं."

"तुहं असो का माहं असो. तिचं नाई."

"तिचं नाई," वच्छला म्हणाली.

त्या घरात दोघींचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. आणि ती प्रेमानं झाली नाही, हेव्यानं झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगली कामं नेहमी चांगल्या मनानंच होतात असं पुस्तकात लिहितात. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना सवत नसावी.

लाकडाला जातो असं सांगून, लेकरं रुखमाबाईच्या पुढ्यात घालून, दोघी सकाळी निघाल्या. पळसबोडीची वाट जंगलातून जाते. लोक सांगतात, नाल्यापाशी पट्टेदार वाघ आडवा आला. त्यानं मान वळवून पाहिलं तर दोन सवती एकाच वाटेनं, एकाच दिशेला, न भांडता चालल्या आहेत. असलं त्या जंगलात कधी झालं नव्हतं. वाघ शहाणा, तो रस्ता सोडून झुडपात बसला आणि त्या दिशेला पुढं महिनाभर फिरकला नाही.

वाटेत बेत ठरला होता. गुणवंतरावाविषयी असं काही सांगायचं की पोरगी आपोआप घाबरेल. पत्रूचं घर गावाच्या टोकाला, वर गवताचं छप्पर. पत्रू बांधीवर गेला होता. कमळा अंगणात मोहाच्या झाडाखाली दोर वळत बसली होती. सोळा-सतरा वर्षांची, दणकट हातांची पोर. तिची आई आशाबाई हिनं दोघींना पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. पाहुण्या कोण हे कळल्यावर मायलेकी जरा सावरून बसल्या.

"पोरी, तुले सांगाले आलो," मनकर्णेनं सुरुवात केली. "थो घोरते. असा घोरते का कवेलू खाली पडतात."

"माहा बापही घोरते," कमळा हसून म्हणाली. "अन आमच्या घरावर कवेलू नाईत. पडले तरी पाहीन म्हणतो कसे दिसतात."

खरंच होतं ते. गळक्या गवताखाली वाढलेल्या पोरीला कवेलूच्या घराची भूल पडली होती. मैत्रिणींना तिनं सांगूनही टाकलं होतं, आणि त्या जळत होत्या, त्याचं तिला सुख होतं.

"झोपेत लाथाही मारते," वच्छलेनं भर घातली.

"मी पलीकडे निजन."

बेत फसत चालला. तेवढ्यात आशाबाईनं विचारलं, "पण घरात काम किती पडते, बाई? दोघी आहात म्हणजे सोपं असन. तिघी झाल्या तं आणखी सोपं."

"दोघी?" मनकर्णेचा आवाज चढला. "घरचं सारं मी एकटीच करतो!"

"एकट्या?" वच्छला गर्रकन वळली. "अन बांधीतलं कोण करते? तुमचा मामा?"

झालं! आपण कुठं बसलो आहोत, कशाला आलो आहोत, सगळं विसरून दोघींचं रोजचं कोर्ट परक्याच्या अंगणात भरलं. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना. समोर ऐकणारी बाई दिसली की आपलं काम मोठं करून सांगायचं, एवढंच त्या दोन सालांत शिकल्या होत्या.

"अंधारात उठतो मी! शेण, सडा, पाणी, जातं!"

"मी काय उन्हं आल्यावर उठतो? पऱ्हे उपटणं, भारे वाहणं, दिवसभर चिखलात!"

"चिखलातून बाहेर तं येते तू! मी चुलीतून बाहेर येत नाई. धाकट्याले ताप होता तं त्याले खांद्यावर टाकून धान कांडलं म्या!"

"तुमचं लेकरू खांद्यावर तरी हाये! माहं धुऱ्यावर पडलं! तरी कुणी म्हटलं का, वच्छले, बस?"

"तू सांगितलं काऊन नाई मंग?"

"सांगितलं असतं तं ताट तुम्हाले गेलं असतं!"

धुऱ्यावर काय झालं ते मनकर्णेला माहीत होतं. का झालं, ते आत्ता कळलं.

कमळेनं दोर खाली ठेवला. "ताट? कायचं ताट?"

कुणीतरी सांगायला हवं होतं. वच्छलेनं सांगितलं. जिचं काम जास्त तिला त्याच्या ताटात जेवायला मिळतं.

"उष्ट्या?"

"उष्ट्या."

कमळा या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं अगदी साधेपणानं, कणगी कुठं आहे विचारावं तसं विचारलं,

"घरचं ह्या करतात. बांधीतलं तुम्ही करता. मंग थो काय करते?"

दोघी उत्तर द्यायला एकदमच सरसावल्या, आणि दोघींनाही उत्तर सापडेना.

"थो..." मनकर्णा म्हणाली, "थो सांगते."

"काय सांगते?"

"काय करायचं ते."

"अन?"

"अन जेवते," वच्छला म्हणाली.

आशाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होती. पत्रूच्या ताटात ती गेली वीस-बावीस वर्षं जेवत होती, आणि हा प्रश्न तिलाही कधी सुचला नव्हता.

पत्रू आला तेव्हा कमळा दारातच उभी होती. तिनं त्याला आत येऊ दिलं नाही, पाणीही दिलं नाही. आधी बोलली.

"बा, मी चिचटोल्याले नाई जात."

"काय झालं व? कवेलूचं घर हाये!"

"असू दे. कवेलूखाली बसाले कुणाले भेटत नाई तिथी."

पत्रू तापला. झिंगूला शब्द दिला, गावाला सांगितलं, नाक कापलं जाईल, पोरीच्या जातीला एवढं बोलणं शोभतं का, सगळं म्हणून झालं. हात वर गेला, तेव्हा आशाबाई उठली आणि मधे येऊन उभी राहिली. ती फक्त "राहू दे" म्हणाली. पण आयुष्यात पहिल्यांदा मधे आली होती, त्यामुळं पत्रूचा हात तसाच हवेत राहिला. खाली कसा आणावा हे त्याला कळेना. लोक म्हणतात संध्याकाळपर्यंत तसाच होता, त्यावर एक पोपट येऊन बसला. पोपटाचं सोडा. हात उतरला आणि पोरीवर पडला नाही, एवढं खरं.

परतताना दोघींनी वाटेत लाकडं गोळा करून भारे डोक्यावर घेतले. नाला ओलांडल्यावर मनकर्णा म्हणाली, "माह्या बोलण्यानं झालं."

"तुमच्या? तुम्ही तं घोरणं सांगत होत्या."

"अन तू लाथा."

आणखी थोडं चालल्यावर मनकर्णा पुढं न बघता म्हणाली, "मले सांगाले पाहिजे होतं तू. ताट... म्या घेतलं असतं. पण सांगाले पाहिजे होतं." वच्छलेनं डोक्यावरचा लाकडाचा भारा उतरवला, मनकर्णेच्या भाऱ्यापेक्षा आपला मोठा आहे ना ते पाहिलं, आणि पुन्हा डोक्यावर घेतला.

घरी पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. काय देखावा होता! धाकटा रडून रडून निळा पडला होता, मधल्यानं तांदळाचं मडकं उपडं केलं होतं, दूध उतू जाऊन चूल विझली होती, कोंबड्या देव्हाऱ्यावर चढल्या होत्या. या सगळ्याच्या मधोमध रुखमाबाई केस सुटलेले, पदर खोचलेला, हातात फुंकणी घेऊन बसली होती. एका दिवसात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. गुणवंतराव कसाबसा शिजलेला करपट भात जेवून नुकताच हात धूत होता. झिंगू सायकलीवर त्यांच्या आधीच येऊन नुसता नकार सांगून गेला होता, त्यामुळं त्याची मिशी खाली आली होती.

"कुठी मरायले गेल्या होत्या दोघी?" तो ओरडला. "हे पाहा बुढीचे हाल! घर असं ठेवतात?"

रुखमाबाईनं मुलाला हातानं गप्प केलं. दमली होती तरी सवय सुटत नव्हती. भिंतीला टेकून तिनं विचारलं, "बोला. आज जास्त काम कोणं केलं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आज तुम्ही केलं, आत्याबाई," वच्छला म्हणाली.

मनकर्णेनं काशाचं ताट उचललं आणि सासूच्या पुढ्यात ठेवलं. "ताट तुमचं."

रुखमाबाई ताटाकडे बघत राहिली. करपलेला भात, बोटांनी फिरवलेलं वरण, काठाला चिकटलेली मिरची. किती वर्षं तिनं या ताटासाठी दुसऱ्या एका बाईचा तळतळाट घेतला होता. दिवसभर उपाशी राहिलेल्या पोटानं, फुंकणी फुंकून कोरड्या पडलेल्या तोंडानं ती पहिल्यांदाच त्यात काय आहे ते बघत होती.

"हे मले नको," ती हळूच म्हणाली. "उष्टं हाये."

मग जरा वेळानं, जरा मोठ्यानं: "धुवा ते. अन नवा भात टाका. मले भूक लागली."

"माय..." गुणवंतराव म्हणाला.

"तू पोट्ट्याले घे," रुखमाबाई म्हणाली. "रडून राह्यला."

नवा भात शिजला. तिघी बाया आणि लेकरं गरम गरम जेवली, आपापल्या पानात. गुणवंतराव रडतं पोर खांद्यावर घेऊन अंगणात येरझारा घालत होता. त्याला ते नीट धरता येत नव्हतं, ही गोष्ट त्याला त्या दिवशी कळली. जेवताना मनकर्णा वच्छलेच्या पानाकडे बघत होती, तिला वरण जास्त गेलं की काय म्हणून. हेवा काही एका जेवणानं मरत नाही. पण आता तो भरल्या पोटाचा होता. त्या घरात चौथं माणूस कामाला आणायचं बोलणं पुन्हा निघालं नाही. चौथं माणूस घरातच होतं, आणि ते पुढं हळूहळू पाणी भरायला शिकलं.

कायदा झाला हे चांगलंच झालं. तो व्हायलाच हवा होता, आणि चिचटोल्यापर्यंत चालत यायला त्याला अजून वेळ लागेल. पण एकीला दुसरीवर सोडून दोघींकडून राबवून घ्यायचं आणि बक्षीस म्हणून उष्टं द्यायचं, ही रीत दोन बायकांच्या घरातच असते असं नाही. एका बायकोच्या घरातही असते. तिथं दुसरी म्हणून शेजारीण असते, जाऊ असते, नाहीतर 'आमची आई कसं सगळं हसत करायची' ही आठवण असते. म्हणून हे वाचणाऱ्याला एकच विचारतो. ही गोष्ट तुम्ही घरात मोठ्यानं वाचून दाखवली असेल, सगळे हसले असतील, वाघावर, पोपटावर. तर ऐकायला कोण नव्हतं, ते आठवा. आणि आत जाऊन बघा, ती काय करत होती.